जुनी स्पोर्ट्स कार घेताय? आधी मल्टिमीटर घ्या

माझ्या गाडीचं नाव मी इथे सांगणार नाही. नाव सांगितलं की पहिला प्रश्न किमतीचा येतो आणि दुसरा ‘किती देते?’चा. दोन सीटांची आहे, कापडी टपाची आहे, १९९८ची आहे आणि माटुंग्याच्या आमच्या सोसायटीत तिला ‘ती लाल’ म्हणतात. ती बंद पडली की वॉचमनला आधी कळतं, मला नंतर.

रविवारी सकाळी साडेसहाला शिवाजी पार्कच्या कट्ट्यापाशी आम्ही आठ-दहा जण जमतो. कुणाची जुनी होंडा सिटी व्हीटेक, कुणाची फियाट पालियो जीटीएक्स, एकाची फायबर बॉडीची सॅन स्टॉर्म, दोघा-तिघांच्या बाहेरून आलेल्या टपउघड्या. चहा होईपर्यंत गप्पा कुठल्याही असोत, चहा संपला की बोनेट उघडतात. हल्ली नवी मुलं-मुली येतात आणि बहुतेक जण एकच वाक्य घेऊन येतात: “काका, अल्टरनेटर गेलाय, कुठे मिळेल?” अल्टरनेटर म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी भरणारं यंत्र. तो गेलाय हे कुणी ठरवलं, असं विचारलं की उत्तर येतं, मिस्त्रीने. नाहीतर व्हिडिओने.

मीही असाच आलो होतो. माझी गाडी चावी फिरवली की नुसतं ‘टक’ करायची. एका गॅरेजने सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, उघडून बांधून दिला, पैसे घेतले. टक. मग नवी बॅटरी बसवली. दोन दिवस बरी चालली आणि तिसऱ्या दिवशी कट्ट्यावरच टक. सहा जणांनी सहा निदानं केली. कुणीतरी दुसऱ्या गाडीच्या बॅटरीतून वीज घ्यायची जंपर केबल आणली, दोन्ही चिमटे माझ्या बॅटरीला लावले, तरी टकच. आमच्यातले सगळ्यात जुने काका, पारसी कॉलनीतले, फारसं बोलत नाहीत. त्यांनी काळा चिमटा बॅटरीवरून काढला आणि इंजिनच्या एका उघड्या बोल्टला लावला. म्हणाले, “मार.” गाडी एका झटक्यात चालू.

सगळे म्हणाले, बघा, बॅटरीच होती! काका म्हणाले, “बॅटरी ठीक आहे. रस्ता खराब आहे.” बॅटरीचा निगेटिव्ह बॉडीला जातो आणि बॉडीतून इंजिनला जातो तो एका विणलेल्या तांब्याच्या पट्टीतून. ती पट्टी बाहेरून धड दिसत होती. काढून वाकवली तर आतून हिरवी भुकटी गळली. पंचवीस वर्षांची मुंबईची खारी हवा. नवी अर्थिंग पट्टी काही शे रुपयांत आली. आधीच्या पंधरवड्यात मी किती घालवले होते ते घरी अजून सांगितलेलं नाही.

पुढचं सगळं नव्याने येणाऱ्यांसाठी, मी ज्या क्रमाने चुका केल्या त्याच क्रमाने.

पायरी पहिली: घेण्याआधी कागद, मग पत्रा, मग इंजिन

लोक उलट करतात. आधी इंजिनाचा आवाज ऐकतात आणि तिथेच विरघळतात.

कागद आधी का? खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर दर ५ वर्षांनी फिटनेस करून ती नव्याने करावी लागते. ऑगस्ट २०२५मध्ये केंद्र सरकारने २० वर्षांवरच्या गाड्यांची ही नोंदणी नव्याने करायची फी वाढवली: साध्या कारला १०,००० रुपये, आयात केलेल्या चारचाकीला ८०,००० रुपये. महाराष्ट्राचा पर्यावरण कर वेगळा. म्हणजे स्वस्तात मिळतेय म्हणून उचललेली इम्पोर्टेड गाडी आरटीओच्या खिडकीतच महाग होऊ शकते. आरसीवर नोंदणी कधीपर्यंत आहे ते वाचा, चासिस नंबर पत्र्यावर ठोकलेल्या नंबराशी बोट ठेवून ताडून बघा, कर्जाचा बोजा उतरवलाय का ते बघा. गाडी दुसऱ्या राज्याची असेल तर एनओसी आणि इथला रोड टॅक्स हा सौदा करण्याआधीचा विषय आहे, नंतरचा नाही. १ एप्रिल २०१९च्या आधी नोंदलेल्या गाडीला एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट, बसवलीय का, तेही बघून घ्या.

आणि जपानमध्ये हीच गाडी दोन-अडीच लाखांत मिळते, आणू या का, हा प्रश्न दर महिन्याला कुणीतरी विचारतं. वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांहून जुनी चालत नाही. विषय संपला.

आता पत्रा. खिशात फ्रिजवरचं लोहचुंबक ठेवा, त्याला रुमालात गुंडाळा म्हणजे रंगावर चरा पडणार नाही. दाराखालची पट्टी, चाकांच्या कमानी, डिकीच्या कडा यांवरून फिरवा. जिथे चुंबक धरत नाही तिथे पत्र्याच्या जागी पुट्टी भरलेली आहे. रंगावर तांदळाएवढा फुगा दिसला तर आत वाटीएवढा गंज धरून चाला. बॉडी फायबरची असेल तर चुंबक कुठेच धरणार नाही, तिथे खाली वाकून चासिस बघायची.

मुंबईची गाडी असेल तर पुराची चाचणी करायचीच. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि किती गाड्या पाण्याखाली गेल्या त्याला गणती नाही. त्यातल्या काही धुऊन-पुसून आजही विकल्या जातात, आणि हिंदमाता किंवा मिलन सबवेला बुडायला २६ जुलैच लागतो असंही नाही. सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. वरचा भाग स्वच्छ आणि शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातकट रेघ, असं दिसलं तर तिथवर पाणी चढलेलं आहे. सीटखालच्या रुळांना गंज, स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ, कार्पेट उचलल्यावर ओला वास. यातलं एक सापडलं तरी चहा प्या आणि घरी या. पाण्यात गेलेली गाडी चालते, पण तिची वायरिंग पुढची पाच वर्षं रोज एक कोडं घालते.

इंजिन थंड असताना बघायचं. विकणारा “तुम्ही येणार म्हणून गरम करून ठेवलीय” म्हणाला तर दुसऱ्या दिवशी सकाळी या, न सांगता. कोणती गाडी घ्यावी याचं माझं मत सरळ आहे: पहिली जुनी स्पोर्ट्स कार अशी घ्या जिचं इंजिन इथल्या रस्त्यांवर इतर गाड्यांतही धावलंय. दिसायला पोर्शे बॉक्सटर कितीही गोड असली तरी तिच्या पहिल्या पिढीत मधल्या शाफ्टचं एक बेअरिंग असतं, ते फुटलं तर इंजिनच जातं. तो धडा पहिल्याच गाडीवर शिकू नये.

पायरी दुसरी: पहिल्या महिन्यात फिरू नका, शून्य करा

गाडी घरी आली की लोणावळा सुचतं. थांबा. आधीच्या मालकाने “सगळं केलंय” म्हटलं असेल, पण बिल नसेल तर काहीच केलेलं नाही असं धरायचं.

सगळ्यात आधी टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची वेळ जुळवून ठेवणारा पट्टा, जर तुमच्या इंजिनाला साखळीऐवजी बेल्ट असेल तर. त्याचं आयुष्य साधारण लाखभर किलोमीटर किंवा पाच-सात वर्षं, जे आधी येईल ते. जुन्या स्पोर्ट्स कार कमी चालतात, त्यामुळे त्यांच्या बाबतीत वर्षं आधी येतात. मीटरवर चाळीस हजार बघून खूश झालेला आमचा एक मित्र बेल्ट तुटल्यावर शिकला. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतो, व्हॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावं लागतं. बेल्ट बदलताना तो ताणून धरणारा टेन्शनर आणि वॉटर पंपही बघून घ्या. मजुरी तीच लागते.

मग ब्रेक ऑइल. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि आपल्याकडे हवेत पाण्याला तोटा नाही. डॉट ४ ऑइल ताजं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी शोषलेलं १५५ला. खंडाळ्याचा घाट उतरताना ब्रेक तापतात, पाणी शोषलेलं ऑइल उकळतं, पाइपात वाफ होते आणि पॅडल गादीसारखं आत जातं. दर दोन वर्षांनी बदला. डब्यावर नुसतं ‘डॉट ५’ असेल तर ते सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. ‘डॉट ५.१’ चालतं. नावं अशी ठेवणाऱ्याला एकदा भेटायचंय.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. नक्षी नवी कोरी दिसत असली तरी सहा-सात वर्षांचा टायर दगड झालेला असतो आणि पहिल्या पावसात ते कळतं. पुढची दोन चाकं कुठे जायचं ते ऐकत नाहीत.

पेट्रोलचे पाइप हा नवा मुद्दा आहे. पंपांवर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. नव्वदच्या दशकातले रबरी पाइप त्यासाठी बनवलेले नव्हते, ते आतून फुगतात, मऊ होतात, बाहेरून चिरा पडतात. नवा पाइप घेताना अंगावर ‘आर ९’ छापलेला मागा. थोडा महाग असतो. कंजूषपणा इथे करू नये, कारण पेट्रोलचा थेंब पडतो तो बऱ्याचदा गरम एक्झॉस्टच्या आसपास. गाडीत एक किलोचा पावडरवाला अग्निशामक ठेवा. डिकीत नको, हाताला येईल असा.

कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी), इंजिन ऑइल, गिअर ऑइल, प्लग, फिल्टर हे सगळं ओघाने आलंच. रेडिएटरच्या वरच्या प्लास्टिकच्या टाकीचा रंग तेवढा बघा. काळी असेल तर ठीक. तपकिरी, वाळक्या बिस्किटासारखी झाली असेल तर ती फुटण्याचा मुहूर्त शोधतेय.

हत्यारं, थोडक्यात

जपानी गाडीला १०, १२, १४, १७चे पाने लागतात, जर्मन गाडीला १०, १३, १७. गाडी कुठली ते बघून घ्या, मोठ्ठी पेटी घेऊ नका. उचललेली गाडी टेकवून ठेवायला दोन जॅक स्टँड घ्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही, पाच सेकंदांसाठीसुद्धा, जायचं नाही. डोक्याला लावायची टॉर्च. आणि व्होल्ट मोजणारा, काही शे रुपयांचा मल्टिमीटर.

मल्टिमीटरची भीती वाटते असं बरेच जण म्हणतात. २० व्होल्ट डीसीवर ठेवा आणि एवढंच लक्षात ठेवा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीवर १२.६ आले तर भरलेली, १२.२ आले तर अर्धी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ आले तर अल्टरनेटर आपलं काम करतोय, मिस्त्री काहीही म्हणो. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली कोसळला तर बॅटरीवर संशय घ्या. आणि माझ्यासारखी ‘टक’ होत असेल तर लाल टोक इंजिनच्या उघड्या धातूला, काळं बॅटरीच्या निगेटिव्हला लावा आणि कुणाला तरी चावी फिरवायला सांगा. ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा कमी दिसलं तर अर्थिंग चांगली. माझ्या गाडीला चारच्या वर दिसले होते. दोन मिनिटांचं काम, आणि याने माझे सेल्फ आणि बॅटरी दोन्हीचे पैसे वाचले असते.

पायरी तिसरी: लक्षण सांगायला शिका

डॉक्टरकडे जाऊन आपण “मला अँटिबायोटिक द्या” म्हणत नाही (काही जण म्हणतात, त्यांचा विषय वेगळा). गाडीच्या बाबतीत मात्र सगळे तेच करतात. कट्ट्यावर विचारा किंवा फोनवर विचारा, निदान सांगू नका. काय होतं, कधी होतं, केव्हापासून होतं आणि त्याआधी गाडीला कुणी हात लावला होता, एवढं सांगा. शेवटचा भाग सगळेच गाळतात आणि अर्ध्या वेळा उत्तर तिथेच असतं. “काल बॅटरी बदलली आणि आजपासून हॉर्न वाजत नाही” यात हॉर्नचा काय दोष?

‘गाडी तापते’ या दोन शब्दांचंच घ्या. सायनला सिग्नलला उभी असताना काटा चढतो आणि पुढे हायवेला धावायला लागली की उतरतो? मग हवा कमी पडतेय. पंखा, त्याची मोटर, रिले किंवा स्विच. एसी लावून बोनेट उघडा, पंखा फिरतोय का नुसता बघा. उलट, शहरात ठीक आणि बोरघाटात चढताना किंवा वेगात तापते? तेव्हा हवा भरपूर मिळतेय, पाणी फिरत नाहीये. रेडिएटर आतून चोंदलेला, कूलंट कमी, नाहीतर थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटला रस्ता देणारी झडप, पूर्ण उघडत नाही. काटा अचानक वर जातो, आणि हीटर लावला तर त्यातून गार हवा येते? कूलंट संपलंय किंवा पाइपांत हवा अडकलीय. मागून पांढरा धूर, गोडसर वास, कूलंट रोज थोडं कमी होतंय आणि खाली गळत काहीच नाही? मग ते इंजिनात जळतंय, म्हणजे इंजिनाच्या हेडखालची सील, हेड गॅस्केट, गेलीय, गाडी चालवू नका. बघा, शब्द दोनच होते आणि आजार चार. नुसतं ‘तापते’ ऐकून रेडिएटर बदलणारा माणूस चारातल्या तिघांना लुटतोय, आणि बऱ्याचदा त्याला स्वतःलाही ते माहीत नसतं.

घाटात तापलीच तर एसी बंद करा, हीटर पूर्ण लावा. भर मे महिन्यात हीटर लावताना शेजारी बसलेली व्यक्ती काय बोलेल ते ऐकून घ्या. हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच, तो इंजिनाची उष्णता तुमच्या पायांवर टाकतो. सुरक्षित जागी थांबा. रेडिएटरचं झाकण किमान अर्धा तास उघडायचं नाही. माझ्या हातावर डाग आहे, तो दाखवायला मी तयार आहे.

आवाजाचंही तसंच. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना पुढून ‘कट-कट-कट’ आला तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट. वेगाबरोबर वाढणारी घरघर, जी वळणावर बदलते, ती चाकाचं बेअरिंग. पावसाळी सकाळी चालू केल्या केल्या किंकाळी आणि मिनिटभरात शांत, तो बेल्ट घसरतोय. आवाजाचा व्हिडिओ काढताना तोंड बंद ठेवा, रेडिओ बंद ठेवा. आमच्याकडे आलेल्या निम्म्या व्हिडिओंत फक्त “ऐकू येतंय का? आलं का?” एवढंच ऐकू येतं.

गळती ओळखायला फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा उघडून रात्री गाडीखाली पसरा आणि पुढचं टोक कुठलं ते त्यावर लिहा. सकाळी डाग वाचा. हिरवा किंवा गुलाबी, चिकट, तो कूलंट. तपकिरी-काळा, इंजिन ऑइल. लालसर, पॉवर स्टिअरिंग. चाकाच्या आतल्या बाजूला पातळ पिवळसर, ब्रेक ऑइल, आणि मग गाडी जागची हलवायची नाही. साधं पाणी एसीचं, त्याचा फोटो पाठवू नका.

पायरी चौथी: पार्ट शोधताना गाडीचं नाव विसरा

माझ्या अल्टरनेटरमधून बारीक शिट्टीसारखा आवाज यायला लागला. बाहेरून अख्खा अल्टरनेटर मागवायचा तर वस्तूची किंमत, कुरिअरचं भाडं आणि या दोन्हींच्या बेरजेवर कस्टम ड्युटी. मी हिशेब करून पाणी प्यायलो. काकांनी अल्टरनेटर उघडायला लावला, आतलं बेअरिंग काढलं, रॉकेलने पुसलं आणि भिंग हातात दिलं. कडेवर कोरलेलं होतं: ६२०३.

मस्जिद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीटला गेलो. बेअरिंगच्या दुकानात फळीवर रांगेने लावलेले छोटे खोके, काउंटरवर वजनकाटा, मागे गणपती. माझी गाडी कुठली, कोणत्या सालची, हे सांगायला मी तोंड उघडलं तर शेठनी हातातलं बेअरिंग घेतलं, फिरवलं, कडा बघितली आणि पोऱ्याला म्हणाले, “बासष्ट शून्य तीन, रबर सील.” १७ मिलिमीटर आतला व्यास, ४० बाहेरचा, १२ जाडी. जगातलं कुठल्याही कंपनीचं ६२०३ या मापाचंच असतं, मग ते गाडीत बसो, वॉशिंग मशिनमध्ये बसो की पिठाच्या गिरणीत. गाडीचं नाव त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही. विचारलं असतं तर भाव वाढला असता.

तर ही युक्ती. ऑइल सीलवर (शाफ्टभोवती ऑइल अडवणारी रबरी कडी) आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी लिहिलेली असते, ३५-५०-८ अशी. फॅन बेल्टवर ‘४पीके ८७०’ म्हणजे चार धारा, ८७० मिलिमीटर लांबी. जुना पार्ट कधीही फेकू नका, धुऊन पिशवीत घालून दुकानात न्या. पाने आणि बेअरिंगला नागदेवी, गाडीच्या नेहमीच्या पार्टना ऑपेरा हाऊसकडची दुकानं, वायर-रिले-कनेक्टरला लॅमिंग्टन रोड आणि लोहार चाळ, मोडीत निघालेल्या गाड्यांचे हँडल-काच-स्विच कुर्ल्याला. कुर्ल्याला जाताना वेळ आणि ओळखीचा माणूस, दोन्ही घेऊन जा.

हे सगळं ब्रेकला लागू नाही. ब्रेक पॅड, ब्रेक पाइप, स्टिअरिंगचे जॉइंट यात जुनं, मोडीतलं, ‘बसतंय ना’वालं काही चालवायचं नाही. तिथे पार्ट नंबर शोधा आणि नवाच मागवा, महिना लागला तरी. गाडी उभी राहील.

पावसाळा

मे संपायच्या आत करायची दोन कामं. कापडी टपाच्या मागच्या कोपऱ्यांत पाणी वाहून जायच्या नळ्या असतात. माटुंग्याच्या पाच उद्यानांच्या (फाइव्ह गार्डन्स) आसपास गाडी लावणाऱ्यांना सांगायला नको, पर्जन्यवृक्षाची ती बारीक पानं आणि गुलाबी तंतू कुठेही शिरतात. नळी तुंबली की पाणी दाराखालच्या पोकळ पट्टीत साठतं आणि पत्रा आतून बाहेर सडत येतो. तुम्हाला दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. गवत कापायच्या यंत्राची जाड नायलॉन दोरी नळीत हळू सरकवा, मग बाटलीने थोडं पाणी ओता. चाकामागे जमिनीवर ठिपकलं की झालं. लोखंडी तार घालायची नाही. मी घातली. नळी आत कुठेतरी फाटली आणि सीटखाली तळं झालं.

दुसरं, बॅटरीचे टर्मिनल आणि सगळ्या अर्थिंग पट्ट्या सोडवा, पॉलिश पेपरने घासा, घट्ट करा, वर ग्रीस लावा.

साचलेल्या पाण्यात ही गाडी घालायची नाही. बसमधून उतरलेला माणूस गुडघाभर पाणी म्हणतो तेव्हा तुमच्या गाडीची हवा ओढायची नळी त्याच्या पोटरीच्या उंचीवर असते. पाण्यात बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असलं तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलून बाहेर काढा आणि प्लग काढल्याशिवाय चावीला हात लावू नका.

प्लास्टिकचं कव्हर घालून गाडी चार महिने झाकून ठेवणं ही सगळ्यात मोठी चूक. खाली वाफ कोंडते, ब्रेक डिस्क गंजून पॅडला चिकटते, आणि उंदरांना तयार घर मिळतं. हवा खेळेल असं कापडी कव्हर घ्या आणि उघडीप मिळाली की आठवड्यातून एकदा वीस मिनिटं फिरवून आणा. जागेवर उभ्या उभ्या पाच मिनिटं चालू करून बंद करण्याला अर्थ नाही. ऑइल नीट तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी जमतं आणि बॅटरी सेल्फला दिलेलं परत मिळवत नाही. शिवाय गाडी हललेली दिसली की सेक्रेटरींची ‘वापरात नसलेली वाहने’ वाली नोटीसही येत नाही.

मिस्त्री

तुमच्या गाडीचा जाणकार असण्यापेक्षा ऐकून घेणारा आणि “मला माहीत नाही” म्हणणारा बघा. माझे उस्ताद माझ्या गाडीचं मॅन्युअल वाचत नाहीत, पण मी प्रिंट काढून नेलेलं पान भिंतीला चिकटवतात आणि कुठला बोल्ट किती घट्ट करायचा तो आकडा मलाच मोठ्याने वाचायला लावतात. काढलेला प्रत्येक जुना पार्ट परत मागा. घाईचं काम देऊ नका. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात तर कुठलंच देऊ नका. आणि भाव करायचा तो काम सुरू होण्याआधी. इंजिन जमिनीवर आल्यावर तुमच्याकडे घासाघीस करायला काही उरत नाही.

आणि काय निघालं ते कळवा

लोक प्रश्न विचारतात, दहा जण डोकं लावतात, गाडी दुरुस्त होते आणि माणूस गायब. पुढच्याला तोच त्रास झाला की पुन्हा दहा जण पहिल्यापासून. आमच्यातली एक मुलगी, तिची सिटी व्हीटेक आहे, गेल्या महिन्यात आली. थंड असताना, पहिल्या गिअरमध्ये, फक्त पहिली पाच मिनिटं खालून खणखण. क्लच? फ्लायव्हील? गिअरबॉक्सपर्यंत चर्चा गेली होती आणि एका गॅरेजने गिअरबॉक्स उतरवायचा अंदाजही दिला होता. काकांनी तिला थंड गाडीखाली वाकून सायलेन्सरच्या पाइपावर मुठीने टकटक करायला सांगितलं.

संध्याकाळी तिचा मेसेज आला. “हीट शील्डचा (सायलेन्सरच्या पाइपावरच्या उष्णता अडवणाऱ्या पत्र्याचा) बोल्ट गंजून तुटलाय. मोठी होस क्लिप गुंडाळून बांधली. आवाज बंद. खर्च साठ रुपये, त्यातले वीस वडापावचे. फोटो टाकतेय.”

काकांनी फोटो मोठा करून बघितला असणार, कारण त्यांचं उत्तर दहा मिनिटांनी आलं: “क्लिपचा स्क्रू खाली आलाय. वर फिरव, स्पीडब्रेकरला घासेल.”